तिसरीतली लेक आणि आर्टिकल नाइन-बी

आमच्या शाळेतून दर गुरुवारी दप्तरात एक पिवळं फोल्डर घरी येतं. आठवडाभराचे तपासलेले कागद, पुस्तक प्रदर्शनाची जाहिरात, हरवलेल्या जॅकेटांची यादी. नोव्हेंबर २०२३ मधल्या अशाच एका गुरुवारी त्यात लेकीचा कॉगॅटचा निकाल होता. तेव्हा ती तिसरीत होती.

कॉगॅट म्हणजे कॉग्निटिव्ह अ‍ॅबिलिटीज टेस्ट. शब्द, संख्या आणि आकृत्या असे तिचे तीन भाग. आकृत्यांमध्ये कागदाची घडी घालून भोक पाडलेलं दाखवतात आणि घडी उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारतात. लेकीला तेवढा भाग फार आवडला होता. घरी येऊन तिने माझ्या पंचिंग मशीनने विजेची दोन बिलं चाळणीसारखी करून ठेवली होती.

निकालात तीन आकडे होते. शब्द ७९, संख्या ९४, आकृत्या ९१. मी पुण्याला आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "छान आहेत की. पण भाषेत एवढे मार्क कुठे गेले?" मी म्हटलं, "अगं आई, हे मार्क नाहीत, पर्सेंटाइल आहेत. तिच्याच वयाच्या शंभर मुलांना रांगेत उभं केलं, तर गणितात साधारण चौऱ्याण्णव जण तिच्या मागे." आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे पुढे पाच-सहाच. कोण गं ती?"

आकड्यांच्या खाली एक ओळ होती: या वेळी आपल्या पाल्याची एआयजी म्हणून निश्चिती झालेली नाही. एआयजी म्हणजे अकॅडेमिकली ऑर इंटेलेक्च्युअली गिफ्टेड. हा नॉर्थ कॅरोलायनाचा सरकारी शब्द आहे आणि इथल्या आपल्या लोकांच्या तोंडी तो स्कॉलरशिप परीक्षेसारखा असतो. "तुमची एआयजीत आहे ना?" हे वाढदिवसाच्या पार्टीत केक कापायच्या आधी विचारलं जातं.

तेव्हा खरं काय वाटलं ते लिहूनच टाकते. राग आला, आणि त्यातला निम्मा तरी आपला तो बाब्या या जातीचा होता. समोरच्या घरातला मुलगा आयडेंटिफाय झाला होता. माझी लेक नाही. त्या संध्याकाळी मी जे ईमेल लिहिलं, ते नवऱ्याने पाठवू दिलं नाही. त्याबद्दल त्याचे आभार.

उरलेला निम्मा राग मात्र खोटा नव्हता. लेक वर्गात गुणाकाराचे कागद पाच मिनिटांत संपवायची आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचं काहीतरी सुरू करायची. बाटल्यांची झाकणं ओळींत मांडून कोणत्या संख्येचा आयत होतो आणि कोणती संख्या एकाच लांबलचक रांगेत बसते, हे ती ठिपके काढून शोधत होती. एका रांगेतच बसणाऱ्यांना ती 'हट्टी आकडे' म्हणायची. ५, ७, ११, १३. मूळ संख्या हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. ९१ हट्टी आहे असं तिने पक्कं ठरवलं होतं आणि एका रविवारी सकाळी ७ गुणिले १३ सापडल्यावर फसवणूक झाल्यासारखी रुसून बसली. ते कागद मी दर शुक्रवारी इमानेइतबारे रद्दीत टाकत होते. ते पुढे लागणार आहेत हे कोणी सांगितलं होतं?

माझी पहिली चूक मावसबहिणीमुळे झाली. ती पिट्सबर्गला असते, तिचा मुलगा तिकडे 'गिफ्टेड' आहे आणि तिला सगळं तोंडपाठ. "लेखी मागणी कर. संमतीवर सही केलीस की साठ दिवसांत रिपोर्ट द्यावाच लागतो. मग मुलाच्या नावाने प्लॅन होतो. नाही केला तर हिअरिंग." ती सांगत होती ते बरोबरच होतं, फक्त पेनसिल्व्हेनियापुरतं. तिथे चॅप्टर १६ नावाचे नियम आहेत. त्यांत १३० बुद्ध्यंकाचा उल्लेख आहे आणि प्रत्येक मुलाला वैयक्तिक लेखी योजना मिळते. मी तो सगळा मसाला उचलून माझ्या पत्रात ओतला आणि पत्र मुख्याध्यापकबाईंना पाठवलं.

बाईंनी भेटायला बोलावलं. हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. शेजारच्या मुलाचा आयईपी, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलासाठी शाळा करते ती वैयक्तिक शिक्षण योजना, मी पाहिला होता, त्यामुळे हुशार मुलांसाठीही असंच काही वॉशिंग्टनहून येत असेल असं मी धरून चालले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं, की अपंगत्व असलेल्या मुलांचा शिक्षणाचा हक्क १९७५ पासून केंद्रीय कायद्यात आहे, गिफ्टेड मुलांसाठी तसा केंद्रीय हक्कच नाही. १९८८ चा जेव्हिट्स कायदा आहे, पण तो संशोधनाला आणि प्रकल्पांना अनुदान देतो. एखादी आई तो हातात धरून शाळेत काही मागू शकत नाही. बाकी सगळं राज्यावर सोडलेलं. "आणि आपल्या राज्यात," बाई म्हणाल्या, "ते आम्हा सगळ्यांवर मिळून सोडलेलं आहे." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे दीड वर्षाने नीट कळला.

घरी येऊन मी कायदाच काढला. वकिली पुस्तक असेल असं वाटलं होतं, पण आर्टिकल नाइन-बी चहा निवायच्या आत वाचून होतं. १९९६ मध्ये केलेली चार कलमं, ११५सी-१५०.५ ते १५०.८. पहिल्या कलमात व्याख्या आहे आणि ती चांगली आहे: आपल्या वयाच्या, अनुभवाच्या किंवा परिस्थितीतल्या इतरांच्या तुलनेत जी मुलं फार वरच्या पातळीवर काम करतात किंवा करू शकतील अशी क्षमता दाखवतात, ती. अशी क्षमता सगळ्या सांस्कृतिक गटांत आणि सगळ्या आर्थिक थरांत असते, हेही त्यातच लिहिलंय. या मुलांना नेहमीच्या वर्गात मिळतं त्यापेक्षा वेगळी शैक्षणिक सेवा लागते, हेही.

मग कामाची वाटणी. राज्याच्या शिक्षण मंडळाने मार्गदर्शक तत्त्वं करायची आणि जिल्ह्यांना तांत्रिक मदत द्यायची. प्रत्येक शाळा-जिल्ह्याने, आणि असे ११५ आहेत, आपापली स्थानिक योजना करायची. ती स्थानिक बोर्डाने मंजूर करायची, मग राज्याकडे पाठवायची. राज्य तिच्यावर अभिप्राय देतं, आणि बोर्डाने त्याचा विचार करून योजना राबवायची. मी ते वाक्य तीनदा वाचलं. राज्य अभिप्राय देतं. मंजुरी स्थानिक बोर्डाचीच. म्हणजे कोण गिफ्टेड, कोणत्या चाचणीत किती आकडा हवा, आठवड्याला किती मिनिटं, यातलं काहीही राज्याच्या कायद्यात नाही. ते जिल्ह्याच्या कागदात, आणि तो कागद जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात बारभाईंचा कारभार वाचला होता, तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

ज्याला आपण कायदा कायदा म्हणत होतो, तो खरा त्या जिल्ह्याच्या योजनेत राहत होता. आमच्या जिल्ह्याची २०२२ ते २०२५ ची योजना संकेतस्थळावर होती, कोणाला सहज सापडू नये इतक्या आतल्या खोलीत. शंभरेक पानं. राज्याने ठरवलेल्या सहा मानकांप्रमाणे तिची प्रकरणं होती. मुलांची निवड, अभ्यासक्रम, शिक्षकांची तयारी, भागीदारी वगैरे. भाषा अशी, की प्रत्येक वाक्यात 'सहकार्याने' हा शब्द हवाच असा जीआर निघाला असावा. एकविसाव्या पानावर मात्र मला माझं वाक्य भेटलं.

त्यात म्हटलं होतं, की चाचणीतला एखादा भाग ९० ते ९४ पर्सेंटाइलच्या पट्ट्यात आला, तर शाळेचा एआयजी गट इतर पुरावा गोळा करील: वर्गातल्या कामाचे नमुने, शिक्षकाचं निरीक्षण, आणि गरज पडल्यास आणखी एक चाचणी. लेकीचा ९४ बरोबर त्या पट्ट्यात. ९१ सुद्धा. आणि असा पुरावा कोणी गोळा केलेला नव्हता.

मावसबहिणीला फोन करून मी विजयी सुरात ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "क्रियापद काय आहे?" मला कळलं नाही. "मे आहे की शॅल? करू शकेल, की करायलाच हवं?" ती नोकरीत कंत्राटं वाचते. मी परत पाहिलं. शॅल होतं. "मग जा," ती म्हणाली. मधला महिनाभर तिने मला दिलेला हा एकमेव सल्ला, जो नॉर्थ कॅरोलायनात चालत होता.

दुसरी भेट डिसेंबरात झाली. लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही पाच जण गुडघे छातीला लावून बसलो. मुख्याध्यापकबाई, लेकीच्या वर्गशिक्षिका, एआयजीच्या बाई, मी आणि नवरा. एआयजीच्या बाई दोन शाळांमध्ये विभागलेल्या होत्या, सोमवार ते बुधवार दुपारपर्यंत आमच्याकडे, पुढे दुसरीकडे. ही वाटणी का, तेही त्या दिवशी कळलं. राज्याकडून या कामासाठी येणारा पैसा जिल्ह्याच्या एकूण पटाच्या चार टक्के मुलांमागे मोजून येतो. हजार मुलं असतील तर चाळिसांचा पैसा. प्रत्यक्षात चाळीस आयडेंटिफाय केलीत की एकशे चाळीस, रक्कम तीच. गरीब जिल्हा कमी मुलं शोधतो म्हणून त्याचा पैसा कापला जात नाही, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू त्या बाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर दिसायची. दोन शाळांचे खोके, एकावर एक.

मी पान एकवीस पुढे केलं. कोणी वाद घातला नाही. एआयजीच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, की पट्ट्यातल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून येते असं त्या समजत होत्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, की यादी एआयजीकडून येते असं त्यांना वाटत होतं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, की जिल्हा कार्यालय निकालांबरोबरच यादी पाठवतं असा त्यांचा समज होता. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोणाचीही आळशी किंवा वाईट म्हणून गणना करता येईना, त्यामुळे मला आणलेला राग ठेवायला जागाच मिळेना.

त्यानंतर पुराव्याचा प्रश्न आला. कामाचे नमुने आहेत का? माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या खणात, मेणबत्त्या आणि रबरबँडांखाली तीन कागद उरले होते. बाकीची हट्टी आकड्यांची संशोधनं रद्दीवाल्या गाडीने केव्हाच नेली होती. पण वर्गशिक्षिकेने आपला फोन काढला आणि सहा फोटो दाखवले. कागदांच्या मागच्या बाजूंचे. तिने ते सप्टेंबरपासून काढून ठेवले होते. "कोणाला दाखवायचे ते माहीत नव्हतं," ती म्हणाली, "पण टाकवेनात." मला तिथे भरून आलं आणि एवढ्याशा खुर्चीवर ते लपवणं फार अवघड असतं.

पुढचा भाग तितकासा रंजक नाही. जानेवारी गेला. फेब्रुवारीत कळलं, की पुरावा गोळा झाला आहे, पण गटाची बैठक वसंतातच होते, त्यामुळे निर्णय पुढच्या वर्षासाठी. हे योजनेत कुठेही नव्हतं, ती तिथली पद्धत होती. तेव्हा मी मतभेदाची पायरी चढले. कायद्याने प्रत्येक योजनेत अशी कार्यपद्धती असावीच लागते. आमच्या जिल्ह्यात आधी शाळा, मग जिल्ह्याच्या एआयजी समन्वयकाकडे लेखी अर्ज, मग अधीक्षकांचं कार्यालय. एवढं करूनही सुटलं नाही, तर पालकाला राज्याच्या ऑफिस ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह हिअरिंग्जमध्ये याचिका करता येते आणि प्रशासकीय न्यायाधीशाचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो.

तो न्यायाधीश काय पाहू शकतो, हे त्या कलमातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते मला आमच्या पार्ट्यांमध्ये कोणाच्याच तोंडून ऐकू आलं नव्हतं. फक्त दोन गोष्टी: मुलाला आयडेंटिफाय न करण्यात जिल्ह्याची चूक झाली का, आणि त्या मुलाच्या बाबतीत स्थानिक योजना नीट राबवली गेली का. योजनाच मुळात कंजूष आहे, चाळीस मिनिटांत काय होतं, दुसऱ्या जिल्ह्यात याहून बरं मिळतं, ही भांडणं तिथे चालत नाहीत. एकदा हे लक्षात आल्यावर माझा अर्ज सव्वा पानाचा झाला. लेक किती हुशार आहे याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पान एकवीस, ओळ अमुक, आकडा ९४, पुरावा अमुक तारखेपासून तयार, निर्णय नाही. मी आयुष्यात तिच्याबद्दल लिहिलेलं सर्वांत कोरडं पत्र, आणि सर्वांत उपयोगी पडलेलंही तेच.

उत्तर अकरा दिवसांत आलं. समन्वयकबाईंनी स्वतः फोन केला, बैठक मार्चमध्येच घेतली आणि लेक गणितासाठी आयडेंटिफाय झाली. सरकारी नोंदीत एएम. समोरच्या घरातला मुलगा एजी आहे, म्हणजे गणित आणि वाचन दोन्ही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. पण लक्षात आलं होतं.

इथे ही गोष्ट संपेल असं मला वाटलं होतं.

चौथीच्या सुरुवातीला डीईपी नावाचा कागद आला: मुलीला कोणती वेगळी सेवा मिळणार ते सांगणारा. मंगळवारी आणि बुधवारी एआयजीच्या बाईंकडे पंचेचाळीस मिनिटं, बाकी वेळ वर्गशिक्षिका 'वर्गातच भिन्नस्तरीय काम' देणार. खाली सह्या: वर्गशिक्षक, एआयजी शिक्षक, पालक. आम्ही आनंदाने सही केली.

तीन आठवड्यांनी लेक मंगळवारी सकाळी पोट दुखतंय म्हणाली. पुढच्या बुधवारी पुन्हा. नवरा म्हणाला, गणित जड जात असेल. मी म्हटलं, शक्यच नाही. आम्ही दोघांनी मिळून तिच्याशी गंभीर चर्चा केली, प्रयत्न आणि चिकाटी या विषयावर. तिने सगळं ऐकून घेतलं. रात्री झोपताना मात्र हळूच विचारलं, "आई, मला एआयजी परत देता येईल का?"

कारण असं निघालं, की ती ज्या वेळी वर्गातून उठून जायची, त्याच वेळी चौथीच्या बाई वर्गाला मोठ्याने कादंबरी वाचून दाखवायच्या. रोज एक प्रकरण. लेकीची आठवड्यातली दोन प्रकरणं बुडत होती. गुरुवारी सगळे ज्या कुत्र्याबद्दल बोलत असायचे, तो मेला की हरवला, हे तिला ठाऊक नसायचं. मैत्रिणी सांगायच्या, पण तीही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

त्या कागदावर तीन मोठ्या माणसांच्या सह्या होत्या. आमच्यातल्या एकालाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. मी कायद्याची चारही कलमं पाठ केली होती, शंभर पानी योजनेला तीन रंगांचे स्टिकर लावले होते, आणि वेळापत्रकात त्या पंचेचाळीस मिनिटांत काय चालतं हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दोन ईमेलांत ते सुटलं. वाचन जेवणानंतर गेलं. अख्ख्या वर्गाचं. बाई म्हणाल्या, दुसरा एक मुलगाही त्याच कारणाने कुरकुरत होता.

'वर्गातच भिन्नस्तरीय काम' याचं काय झालं, तेही सांगते. आठवड्यातले दीड तास एआयजीच्या बाईंचे, उरलेले सगळे वर्गशिक्षिकेचे. पण आयडेंटिफाय झाल्यावर सगळ्यांच्या मनात लेकीचं गणित आपोआप 'तिकडचं' झालं. वर्गातले कागद पुन्हा तेच. मी विचारलं तेव्हा वर्गशिक्षिका प्रामाणिकपणे म्हणाली, "माझ्या वर्गात चोवीस मुलं आहेत, त्यांतली पाच अजून वजाबाकीत अडकलीत, आणि तिचं तर होतंय ना तिकडे." मला तिच्याशी भांडता आलं नाही. पुढे त्या दोघी शिक्षिकांनी दर शुक्रवारी वीस मिनिटं एकत्र बसायचं ठरवलं आणि तेव्हापासून लेकीच्या कागदावर पहिल्या ओळीऐवजी शेवटची पाच गणितं आधी सोडवायला येऊ लागली. ती बरोबर आली तर बाकीची माफ. मोकळ्या वेळेत हट्टी आकडे. असे महिने होते आणि तसे नसलेलेही. नोव्हेंबरात एआयजीच्या बाई परीक्षांच्या देखरेखीला लावल्या गेल्या, तेव्हा तीन आठवडे काहीच झालं नाही.

त्याच सुमारास एका वेगळ्या कायद्याची ओळख झाली. तिसरीच्या शेवटी राज्याची ईओजी (एंड-ऑफ-ग्रेड) परीक्षा असते, तिच्यात लेकीला गणितात लेव्हल ५, म्हणजे सर्वांत वरची पातळी, मिळाली होती. २०१७ मध्ये इथल्या वृत्तपत्रांनी आकडेवारी काढून दाखवलं होतं, की अव्वल गुण असूनही गरीब घरांतली मुलं गणिताच्या वरच्या वर्गांतून गळतात. त्यानंतर विधिमंडळाने नियम केला: सर्वांत वरची पातळी गाठलेल्या मुलाला पुढच्या वर्षीच्या प्रगत गणितात घालायचंच, आणि पालकाच्या लेखी संमतीशिवाय काढायचं नाही. सातवीत ती पातळी आली, तर आठवीत हायस्कूलचं गणित. प्राथमिकला 'शक्य असेल तेव्हा प्रगत संधी' इतपतच आहे, सहावीपासून मात्र पक्कं. या नियमासाठी कोणत्याही आईला पान एकवीस शोधावं लागत नाही. मला आधी त्याचं बरं वाटलं, आणि मग ज्या आया पान एकवीसपर्यंत पोचल्या नसतील त्यांची आठवण येऊ लागली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याने २०२५ ते २०२८ च्या योजनेसाठी पालकांचा सल्लागार गट नेमला. मी नाव दिलं. कायद्यात लिहिलंय, की योजना राबवण्यात, तिच्यावर लक्ष ठेवण्यात आणि ती सुधारण्यात पालकांना आणि समाजातल्या लोकांना सामील करून घ्यायचं. दर महिन्याला सोमवारी संध्याकाळी साडेसहाला जिल्हा कार्यालयात बैठक. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. त्यांतले नऊ आपल्यासारखे, लॅपटॉप उघडून बसलेले. एका बाईने, मेक्सिकोची होती ती, दुसऱ्या बैठकीत विचारलं: निकालाचं पत्र स्पॅनिशमध्ये येतं, पण मतभेदाची पद्धत ज्या कागदात आहे तो का येत नाही? समन्वयकबाईंनी ते लिहून घेतलं. मी वर्षभर या कागदात डोकं घालून बसले होते आणि मला तो प्रश्न सुचला नव्हता.

पट्ट्याच्या त्या वाक्यावर फेब्रुवारीत अख्खी बैठक गेली. नव्या मसुद्यात 'शाळेचा गट पुरावा गोळा करू शकेल' असं झालं होतं. शॅलचं मे. मी हात वर केला, तेव्हा माझा आवाज थोडा चढला असावा. समन्वयकबाईंनी कारण सांगितलं आणि ते खोटं नव्हतं: दोन शाळांमध्ये विभागलेल्या शिक्षिकेला पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाची फाइल करायला वेळ नाही, आणि जे जमणार नाही ते योजनेत 'करील' म्हणून लिहिलं, तर उद्या कोणीतरी सव्वा पानाचं पत्र पाठवील. हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहून हसल्या. शेवटी 'करील' राहिलं, पट्टा मात्र ९२ ते ९४ असा अरुंद झाला. म्हणजे लेकीचा ९४ आत आणि ९१ बाहेर. यादी कोणी काढायची तेही आता लिहिलेलं आहे: जिल्हा कार्यालयाने, निकालानंतर दहा शालेय दिवसांत. कार्यपद्धतीच्या कागदाचं स्पॅनिश भाषांतरही आलं.

मे महिन्यात बोर्डाने योजना मंजूर केली. लेकीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तीही बरोबर होती, पुस्तक घेऊन. योजना संमतीच्या यादीत होती, बसच्या टायरांच्या कंत्राटाच्या वर. एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, हात वर झाले. लेकीने पुस्तकातून डोकं काढून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "एवढंच?"

एका गोष्टीत मला यश आलं नाही. डीईपीच्या कागदावर मुलाच्या सहीसाठी एक ओळ असावी, असं मी सुचवलं होतं. फॉर्म हा योजनेचा भाग नसतो, तो कधीही बदलता येईल, असं उत्तर मिळालं. या सप्टेंबरात पाचवीचा डीईपी आला. ओळ नव्हती. आम्ही सह्या केल्या आणि कागद रात्रभर जेवणाच्या टेबलावर राहिला. सकाळी फोल्डरमध्ये घालताना पाहिलं, तर माझ्या सहीशेजारच्या समासात पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात तिने आपलं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली इंग्रजीत एक ओळ. मराठीत सांगायचं तर: गोष्टीच्या वेळी नको.